शाळेची हद्द आणि जपमाळ

मुलगा सातवी उत्तीर्ण झाला की त्यास कोणत्या हायस्कुलात घालावयाचे, हा विषय आपल्याकडे घरोघरी रात्रीच्या जेवणाच्या पानावर निघतो. मराठी माध्यम की इंग्रजी, कानडी मुलखात राहणाऱ्यांस कानडी, धर्मभगिनींची शाळा जवळ की सरकारी, सकाळची बस वेळेवर मिळते की नाही, फी झेपेल किंवा कसे, असा सारा हिशेब होतो आणि वडीलधारी मंडळी काय ते ठरवितात. निर्णय बरा असो वा वाईट, तो घरात झालेला असतो. अमेरिकेतील सरकारी शाळांची तऱ्हा बहुतेक ठिकाणी निराळी आहे. तेथे मुलाची शाळा त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरते. शहराच्या नकाशावर शाळाखात्याने रेषा ओढलेल्या असतात. रेषेच्या अलीकडील गल्लीतले मूल ह्या शाळेत, पलीकडील गल्लीतले त्या शाळेत. यास्तव तेथे घर विकत घेणारा गृहस्थ विहीर-पाण्याच्या आधी शाळेची चौकशी करतो, आणि शाळांच्या हद्दी बदलण्याचा ठराव पुढे आला की पालकांच्या सभेत रात्री उशिरापर्यंत आवाज चढलेले असतात.

अशा अनेक तंट्यांपैकी एकाची हकीकत आम्ही आज सांगणार आहोत. ती बोस्टन शहराची आहे आणि तिला आता पन्नास वर्षे उलटून गेली. तथापि कॅथलिक कुटुंबांनी ती जाणून घ्यावी असे आम्हांस वाटते, कारण हा तंटा बहुतांशी कॅथलिकांच्या अंगणात झाला. हद्दी बदला असा हुकूम देणारा न्यायाधीश कॅथलिक होता. त्याला विरोध करणाऱ्या पालकांची पुढारीण कॅथलिक होती. रस्त्यावर उतरलेल्या मातांच्या हातांत जपमाळा होत्या. आणि ह्या सर्वांच्या मध्ये एक कार्डिनल उभा होता, ज्याच्या ताब्यात शेकडो शाळा होत्या व ज्याला त्या शाळांची दारे कोणासाठी उघडावयाची आणि कोणासाठी नाही, हे ठरविणे भाग पडले.

प्रथम तेथील कॅथलिकांविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर त्यांचा राग समजणार नाही. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडाले आणि उपाशी माणसांनी भरलेली जहाजे बोस्टनच्या बंदरास लागू लागली. शहर प्रॉटेस्टंटांचे होते व कॅथलिकांकडे ते संशयानेच पाही. त्याच्याही आधी, ११ ऑगस्ट १८३४ च्या रात्री, चार्ल्सटाउन येथील उर्सुलाइन धर्मभगिनींचा मठ जमावाने जाळून टाकला होता. त्या मठात मुलींची शाळा चालत असे. चार्ल्सटाउन हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे. १८५९ साली शहरातील एका सरकारी शाळेत टॉमस व्हॉल नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या कॅथलिक मुलाने दहा आज्ञा प्रॉटेस्टंट पाठाप्रमाणे म्हणण्यास नकार दिला, तेव्हा मास्तरांनी त्याच्या हातांवर वेताचे फटके मारले. प्रकरण न्यायालयात गेले आणि मास्तर निर्दोष सुटले. शेकडो कॅथलिक मुले त्या शाळेतून बाहेर पडली. अशा अनुभवांतून अमेरिकेतील धर्मग्रामांच्या शाळा वाढल्या. १८८४ मध्ये बाल्टिमोर येथे भरलेल्या महागुरूंच्या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामाने आपली शाळा बांधावी असा आदेश दिला, आणि मोलमजुरी करणाऱ्या माणसांनी पैसा पैसा जमवून त्या बांधल्या. त्या शाळा त्यांच्यासाठी किल्ल्याप्रमाणे होत्या.

पुढे दिवस पालटले. विसाव्या शतकात बोस्टनचे नगरभवन, पोलीसखाते व शाळाखाते आयरिश कॅथलिकांच्याच हाती आले. तरी श्रीमंती सर्वांच्या वाट्यास आली नाही. साउथ बोस्टन म्हणून जो समुद्रात शिरलेला भाग आहे, तेथे गोदीवर, गॅसकंपनीत, नगरपालिकेत नोकरी करणारी कुटुंबे लाकडी तिमजली घरांतून राहत. बाप्तिस्मा, लग्न आणि अंत्यविधी एकाच मंदिरात होई. टेकडीच्या माथ्यावर साउथ बोस्टन हायस्कूल होते. त्या टेकडीवर जॉर्ज वॉशिंग्टनने तोफा चढविल्यामुळे १७ मार्च १७७६ रोजी इंग्रजी सैन्य शहर सोडून गेले, आणि तो दिवस नेमका संत पॅट्रिकचा, म्हणून तेथील लोक दोन्ही सण एकदम पाळतात. अभ्यासात ही शाळा फारशी नावाजलेली नव्हती. परंतु ती त्यांची होती. बाप तेथे फुटबॉल खेळला, मुलगा खेळे.

तेथून फार दूर नव्हे अशा रॉक्सबरी भागात कृष्णवर्णीयांची वस्ती होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागातून पुष्कळ कृष्णवर्णीय कुटुंबे कामधंद्यासाठी उत्तरेस आली. शहराच्या इतर भागांत त्यांस घर भाड्याने मिळेना, बँका कर्ज देईनात, म्हणून ती एकाच ठिकाणी दाटीने राहिली. तेथील शाळाही दाटल्या. इमारती जुन्या, पुस्तके जुनी, वर्गात मुले मावत नाहीत, आणि त्याच वेळी शहरातील गोऱ्यांच्या भागात काही शाळांतून बाके रिकामी पडलेली.

हा विषय कृष्णवर्णीय मातांनी कोणत्या क्रमाने हाताळला हे आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण पुढच्या गदारोळात तो भाग विसरला जातो. ११ जून १९६३ रोजी रूथ बॅट्सन नावाच्या बाई आपल्या संस्थेच्या वतीने शहराच्या शाळा समितीपुढे गेल्या आणि शाळांतून वर्णानुसार फारकत झाली आहे ही गोष्ट समितीने मान्य करावी, एवढी पहिली मागणी केली. पाच सभासदांच्या त्या समितीने इतर काही मागण्या ऐकून घेतल्या, पण हा शब्द उच्चारण्यास नकार दिला. त्या वेळी समितीच्या अध्यक्षस्थानी लुईस डे हिक्स ह्या साउथ बोस्टनच्या कॅथलिक बाई होत्या. त्यांचे वडील न्यायाधीश होते. त्याच महिन्यात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी एक दिवस शाळेत न जाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यांस त्या दिवशी मंदिरांतून व सभागृहांतून शिकविण्यात आले.

नंतर पालकांस एक नियम सापडला. शहरातील कोणत्याही शाळेत जागा रिकामी असेल तर कोणतेही मूल तेथे जाऊ शकते, मात्र पोहोचविण्याची व्यवस्था पालकांनी करावी, असा तो नियम होता. १९६५ च्या सप्टेंबरात एलेन जॅक्सन ह्या मातेच्या पुढाकाराने रॉक्सबरीच्या पालकांनी वर्गणी काढून बसगाड्या ठरविल्या व आपली मुले रिकाम्या बाकांपर्यंत नेली. त्या चळवळीस त्यांनी ‘निर्गमन’ असे नाव दिले. बायबल वाचणाऱ्या माणसांस त्याचा अर्थ सांगावयास नको. दुसऱ्या वर्षी, १९६६ मध्ये, शहराबाहेरील काही सधन गावांनी आपल्या शाळांत २२० कृष्णवर्णीय मुले आपखुशीने घेतली. ती योजना आजही चालू आहे. म्हणजे असे की मुलांस बसमध्ये घालून दूरच्या शाळेत पाठविण्याची कल्पना प्रथम कोणा न्यायाधीशाच्या डोक्यातून निघालेली नाही. स्वतःच्या पदरास खार लावून मातांनी ती नऊ वर्षे आधी अंमलात आणली होती. त्या बसगाड्यांवर कोणी दगड मारले नव्हते, कारण त्या वेळी दुसऱ्या बाजूच्या मुलास कोणी जागचे हलविले नव्हते.

१९६५ सालीच मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा केला की ज्या शाळेत निम्म्याहून अधिक मुले गौरेतर असतील ती असमतोल मानली जाईल आणि शहराने तिचा समतोल साधावा, न साधल्यास राज्याची मदत अडविली जाईल. शाळा समितीने नऊ वर्षे तो कायदा टोलविला. त्यातील एक प्रकरण हद्दीच्या तंट्याचा नमुना म्हणून सांगण्याजोगे आहे. १९७१ मध्ये डॉर्चेस्टर भागात ली नावाची नवी कोरी प्राथमिक शाळा उघडावयाची होती. राज्याच्या मदतीने ती बांधली होती आणि तिच्या हद्दीत गोरी व कृष्णवर्णीय अशी दोन्ही मुले येतील, ह्या अटीवर. हद्द तशी आखलीही. परंतु शेजारच्या दोन जुन्या शाळांतील गोऱ्या पालकांनी नव्या शाळेत मुले पाठविण्याचे नाकारले. शाळा उघडण्याच्या दिवशी ते आपली मुले घेऊन सरळ जुन्या शाळेत जाऊन बसले. मग समितीची सभा त्या जुन्यांपैकी एका शाळेत, संतापलेल्या पालकांच्या समोर भरली. एका सभासदाने आपले मत फिरविले आणि मुलांस जुन्या शाळेतच राहू देण्याचा ठराव झाला. नवी इमारत, नवे पोहण्याचे तळे, सर्व असून शाळा असमतोलच उघडली. पालकांनी हाक दिली की रेषा कशी हलते हे त्या रात्री शहराने पाहिले. रॉक्सबरीच्या पालकांनी आठ वर्षे हाक दिली होती, तेव्हा मात्र ती हलली नव्हती.

१९७२ मध्ये कृष्णवर्णीय पालकांनी संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. तो न्यायमूर्ती आर्थर गॅरिटी ह्यांच्यापुढे आला. हे गृहस्थ आयरिश कॅथलिक, वूस्टर येथील येशूसंघीयांच्या होली क्रॉस महाविद्यालयाचे पदवीधर. २१ जून १९७४ रोजी त्यांनी दीडशेहून अधिक पृष्ठांचा निकाल दिला. बोस्टनमधील शाळांची फारकत आपोआप झालेली नसून शाळा समितीने ती जाणूनबुजून चालविली, असा त्याचा सारांश आहे. समितीचे म्हणणे असे की माणसे जेथे राहतात तेथील शाळेत जातात, ह्यात आमचा काय दोष? न्यायमूर्तींनी दप्तरे उघडून दाखविले की ‘घराजवळची शाळा’ हे तत्त्व समितीने स्वतःच सोयीप्रमाणे मोडले होते. गोऱ्यांच्या शाळेत जागा असतानाही दाटलेल्या कृष्णवर्णीय शाळेची हद्द तशीच ठेवली. कोणत्या इयत्तेनंतर मुलाने शाळा बदलावी व कोणत्या हायस्कुलात जावे, ह्याचे दोन निरनिराळे क्रम ठेवले, जेणेकरून एक प्रकारची मुले एका हायस्कुलात व दुसऱ्या प्रकारची दुसऱ्यात पोहोचावीत. नव्या इमारती कोठे बांधावयाच्या तेही तसेच ठरविले. गोऱ्या मुलांस नावडत्या शाळेतून बदली मागण्याची वाट मोकळी ठेवली. म्हणजे पुष्कळ मुले घराजवळची शाळा सोडून आधीपासूनच लांब जात होती. फरक एवढाच की त्या प्रवासाने फारकत टिकत होती.

ह्यावर समितीने अपील केले व ते फेटाळले गेले. दोष कोणाचा हे शाबीत झाले होते. आमच्या मते खरी चूक पुढच्या पायरीवर, उपाय करताना झाली.

शाळा उघडण्यास अडीच-तीन महिने उरले होते. न्यायमूर्तींनी राज्याच्या शिक्षणखात्याने पूर्वीच तयार केलेली योजना जशीच्या तशी उचलली. तीत साउथ बोस्टन आणि रॉक्सबरी ही दोन हायस्कुले एकत्र जोडली होती. शहरातील एक अत्यंत गरीब गोरी वस्ती आणि एक अत्यंत गरीब कृष्णवर्णीय वस्ती, आणि दोन्ही शाळा शिक्षणात मागासलेल्या. ह्या मुलांनी त्या शाळेत जाऊन मिळवावयाचे काय होते? सुमारे सतरा-अठरा हजार मुलांची शाळा त्या वर्षी बदलली. शहराबाहेरची हिरवळीची गावे, जेथे उत्तम शाळा होत्या, ती योजनेच्या बाहेर राहिली. आणि २५ जुलै १९७४ रोजी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइट शहराच्या दाव्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की दोष शाबीत झाल्याखेरीज उपनगरांस शहराच्या योजनेत ओढता येणार नाही. न्यायमूर्ती गॅरिटी स्वतः वेल्झली ह्या अशाच एका सधन गावी राहत. साउथ बोस्टनमधील आयाबायांनी ही गोष्ट शेवटपर्यंत त्यांच्या तोंडावर फेकली. ज्याची मुले बसमध्ये चढणार नाहीत त्याने आमच्या मुलांस चढविले, हे त्यांचे गाऱ्हाणे होते, आणि ते आम्हांस खोटे वाटत नाही. गरिबाने गरिबाशी जुळवून घ्यावे आणि श्रीमंताने वर्तमानपत्रात वाचावे, अशीच ती मांडणी होती.

परंतु गाऱ्हाणे खरे असले म्हणून त्याच्या नावाखाली जे जे केले गेले ते खरे होत नाही. १२ सप्टेंबर १९७४ रोजी शाळा उघडल्या. सुमारे ऐंशी शाळा योजनेत होत्या. बहुतेकांत पहिला दिवस शांततेत गेला, हेही सांगणे न्यायाचे आहे. साउथ बोस्टनच्या टेकडीवर मात्र जमाव जमला होता. गोऱ्या पालकांनी मुले घरी ठेवली. कृष्णवर्णीय मुलांच्या बसगाड्यांवर दगड व बाटल्या पडल्या, खिडक्या फुटल्या, काही मुले काचांनी जखमी झाली. नको ते शब्द त्यांस ऐकावे लागले आणि ते उच्चारणाऱ्यांत प्रौढ माणसे होती, मुलांचा हात धरून आलेल्या माता होत्या. लुईस डे हिक्स ह्यांच्या नेतृत्वाखालील पालकांच्या संघटनेचे संक्षिप्त नाव ‘रोर’, म्हणजे गर्जना, असे होते. ऑक्टोबरात हैतीहून आलेला एक माणूस पत्नीस कामावरून घरी नेण्यासाठी मोटारीने साउथ बोस्टनमध्ये शिरला असता जमावाने त्याला बाहेर ओढून मारले. हैती हा बहुतांशी कॅथलिकांचा देश आहे. डिसेंबरात त्या हायस्कुलात एका गोऱ्या विद्यार्थ्यास कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने भोसकले, आणि बाहेर जमलेल्या लोकांनी आतील कृष्णवर्णीय मुलांस तासन्‌तास बाहेर पडू दिले नाही. अखेर रिकाम्या गाड्या पुढच्या बाजूस पाठवून जमावाचे लक्ष तिकडे वेधले आणि मागील दाराने मुलांस दुसऱ्या गाड्यांत बसवून सोडविले. पुढे शाळेत वर्गांपेक्षा पोलीसच अधिक दिसू लागले.

आता कार्डिनलांविषयी. बोस्टनचे पूर्वीचे आर्चबिशप कार्डिनल कुशिंग हे साउथ बोस्टनमध्येच जन्मलेले, तेथील माणसांच्या गळ्यातील ताईत. १९७० मध्ये त्यांच्या जागी हुंबेर्तु मेदेरोस आले. नावाचा पोर्तुगीज घाट गोमंतकातील वाचकांच्या लगेच ध्यानी येईल. ते असोरिस बेटांत जन्मले, १९३१ मध्ये पंधराव्या वर्षी आईबापांबरोबर अमेरिकेत आले व फॉल रिव्हर येथील कापडगिरणीत काही काळ त्यांनी केर काढण्याचे काम केले. नंतर टेक्ससमधील ब्राउन्सव्हिलचे बिशप असताना ते शेतमजुरांत मिसळून राहिले. १९७३ मध्ये ते कार्डिनल झाले. बोस्टनच्या आयरिश धर्मगुरूंस व लोकांस ते परके वाटत. पूर्वसुरींनी केलेले कोट्यवधी डॉलरचे कर्जही त्यांच्या डोक्यावर होते. महाधर्मप्रांतातील शाळांची पटसंख्या वर्षानुवर्षे घसरत होती, फी भरणारी मुले हवीच होती.

अशा वेळी हजारो कॅथलिक आईबाप सरकारी शाळा सोडून धर्मग्रामाच्या शाळेचे दार ठोठावू लागले. कोणताही हिशेबी माणूस दार उघडता. कार्डिनलांनी १९७४ मध्ये हुकूम काढला की वर्णविलगीकरण मोडण्याच्या निकालातून पळून येणाऱ्यांसाठी कॅथलिक शाळा हा आसरा होणार नाही. नवे नाव दाखल करताना मुख्याध्यापिकेने पाहावे की मूल कोठून आले व का आले. बसच्या योजनेतून सुटका हेच कारण असेल तर त्याला प्रवेश नाही.

ह्या हुकुमाचे वजन समजण्यासाठी वर सांगितलेला इतिहास पुन्हा आठवावा. वेताचे फटके खाल्लेल्या मुलाच्या नातवंडा-पतवंडांस त्यांचा आर्चबिशप सांगत होता की तुमच्या आजोबांनी बांधलेला किल्ला ह्या लढाईसाठी नाही. लोक खवळले. धर्मप्रांताच्या वार्षिक निधीस देणगी देताना अनेकांनी हात आखडला. काही धर्मग्रामांत धर्मगुरूंनी हुकूम काटेकोर पाळला. काहींत मूल आधी एखाद्या नातलगाच्या पत्त्यावर दाखविले गेले, काहींत मागील दार उघडे राहिले, आणि कार्डिनलांच्या हाती ते सर्व बंद करण्याचे बळ नव्हते. ते मनाने भित्रे होते, साउथ बोस्टनमध्ये जाऊन लोकांसमोर उभे राहिले नाहीत, अशी टीका त्यांच्यावर झाली व ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. १९४७ मध्ये सेंट लुइसचे आर्चबिशप रिटर ह्यांनी आपल्या शाळा सर्व वर्णांच्या मुलांस खुल्या केल्या, आणि पालकांनी न्यायालयात जाण्याची भाषा करताच बहिष्काराचा इशारा देऊन ते थांबविले. तसा खंबीर स्वर मेदेरोस ह्यांच्या गळ्यात नव्हता. तरीसुद्धा कर्जात बुडालेल्या माणसाने चालून आलेली फी परत पाठविण्याचा हुकूम काढला, ही लहान गोष्ट नव्हे.

१९७५ च्या सप्टेंबरात योजनेचा दुसरा टप्पा आला व त्यात चार्ल्सटाउन सापडले. हा भागही आयरिश कॅथलिकांचा. तेथील मातांनी एक मोर्चा काढला. त्या बंकर हिल रस्त्याने ‘नमो मारिया’ म्हणत चालल्या, पोलिसांची रांग आडवी आली तेव्हा रस्त्यावरच गुडघे टेकून प्रार्थना करू लागल्या, आणि नंतर पोलिसांशी झटापटही झाली. त्या माता ढोंगी होत्या असे आम्ही मुळीच म्हणत नाही. संकटात कॅथलिक बाईचा हात जपमाळेकडेच जातो, आणि आपले मूल अनोळखी वस्तीत जाणार हे त्यांस खरोखरीच संकट वाटत होते. पण त्याच सकाळी रॉक्सबरीतही आया मुलांचे केस विंचरून, डबा देऊन, काल काच फुटलेल्या बसमध्ये त्यांस बसवीत होत्या आणि त्याही प्रार्थना करीत होत्या. पवित्र मारियेकडे त्या दिवशी दोन्ही टेकड्यांवरून एकच गोष्ट मागितली जात होती: मूल सुखरूप घरी येवो. एकीच्या मुलास दुसरीच्या शेजाऱ्यांपासून भय होते. जपमाळेच्या मोर्च्यात हा विचार कोणाच्या मनात येऊन गेला असेल काय, हे आम्हांस राहून राहून वाटते.

५ एप्रिल १९७६ रोजी नगरभवनापुढील चौकात मोर्च्यातील तरुणांनी टेड लँड्समार्क ह्या कृष्णवर्णीय वकिलास मारले. ते एका बैठकीसाठी तेथून चालले होते, तंट्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचे नाक मोडले. एका तरुणाने राष्ट्रध्वजाची काठी भाल्यासारखी त्यांच्या अंगावर धरली, त्या क्षणाचे स्टॅन्ली फोर्मन ह्यांनी घेतलेले छायाचित्र जगभर गेले व १९७७ मध्ये त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले.

२८ सप्टेंबर १९७९ रोजी चार्ल्सटाउनच्या मैदानावर फुटबॉलचा सामना चालू असता जवळच्या छपरावरून गोळी सुटली आणि पाहुण्या संघातील पंधरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी मानेखाली लुळा झाला. तीन दिवसांनी, १ ऑक्टोबरास, पोप दुसरे जॉन पॉल बोस्टनला आले आणि भर पावसात लाखो लोकांसमोर त्यांनी मिस्सा अर्पण केला; मेदेरोस त्यांचे यजमान होते. तो मुलगा पुढे तीस वर्षे चाकांच्या खुर्चीत जगला. ज्यांनी गोळी झाडली त्यांचा मी द्वेष करीत नाही, असे तो विचारणाऱ्यांस सांगत असे. २०१० मध्ये तो वारला.

योजनेने काय साधले, ह्याविषयी तेथील विद्वानांत अजून एकमत नाही. डेरिक बेल ह्या कृष्णवर्णीय कायदेपंडितांनी १९७६ मध्येच लिहिले की वकिलांनी मुलांच्या संख्येच्या समतोलावर भर दिला, पण बोस्टनच्या कृष्णवर्णीय पालकांस मुख्यतः चांगले शिक्षण हवे होते. उलट पक्षी, कृष्णवर्णीय मुलांस ज्या शाळांचा उंबरठा बंद होता तो न्यायालयाखेरीज उघडला नसता, हेही नाकारता येत नाही. गोरी कुटुंबे शहर सोडून जाण्याचा ओघ आधीच सुरू होता, तो पुष्कळ वाढला. १९७४ पूर्वी शहराच्या सरकारी शाळांत नव्वद हजारांहून अधिक मुले होती व त्यांत गोरी निम्म्याहून जास्त. आज एकूण मुले पन्नास हजारांच्या आत आहेत आणि त्यांत गोरी साधारण सातांत एक. साउथ बोस्टन व चार्ल्सटाउनमधील पुष्कळ मुलांनी त्या वर्षांत शाळा सोडली ती कायमची. त्यांच्या आईबापांनी बहिष्काराचा झेंडा घरावर लावला होता, आणि त्याची किंमत त्या मुलांनी भरली.

ज्या पालकांनी मुले शाळेत पाठविण्याचे धाडस केले, दोन्ही वर्णांच्या, त्यांच्याबद्दल मात्र फार थोडे लिहिले गेले आहे. न्यायालयाच्या आदेशाने प्रत्येक शाळेत गोऱ्या व कृष्णवर्णीय पालकांची संयुक्त मंडळे नेमली होती. त्यांत बसणाऱ्या गोऱ्या बाईला साउथ बोस्टनमध्ये शेजारीण बोलेनाशी होई, रात्री दूरध्वनीवर शिव्या येत, मोटारीच्या चाकांतील हवा सोडलेली सापडे. तरी काही जणी जात राहिल्या. शाळेतील दिव्यांची सोय, स्वच्छतागृहांची डागडुजी, कोणत्या मजल्यावर कोणते शिक्षक उभे राहणार, असले विषय त्या मंडळांत चालत. आमच्या मते ह्या साऱ्या प्रकरणात ख्रिस्ती शेजारधर्म कोठे दिसला असेल तर तो ह्या कंटाळवाण्या बैठकांत दिसला.

कार्डिनल मेदेरोस १९८३ मध्ये निवर्तले. १९८० नंतरच्या दशकात न्यायालयाने हळूहळू लक्ष काढून घेतले व १९८९ पासून पालकांस मोठ्या विभागांतून शाळा निवडण्याची पद्धत आली. १९९९ मध्ये शाळा समितीने प्रवेश देताना वर्ण पाहावयाचा नाही असा ठराव केला. २०१३ मध्ये पुन्हा एकदा हद्दींवर सभा भरल्या. घराजवळची शाळा हवी असे काही पालक म्हणाले. आमच्या घराजवळ चांगली शाळाच नाही, आम्ही काय करावे, असे इतरांनी विचारले. त्यावर अशी तोड निघाली की प्रत्येक घरास जवळच्या शाळांची यादी द्यावयाची, पण त्या यादीत काही चांगल्या शाळा असल्याच पाहिजेत, त्या दूर असल्या तरी. २०१४ पासून लहान मुलांचे प्रवेश तसे होतात. हायस्कुलांस तर आता हद्दच उरलेली नाही. शहरातील कोणत्याही भागातील मुलगा कोणत्याही भागातील हायस्कूल मागू शकतो, आणि शाळाखाते त्यास बसचा व भुयारी रेल्वेचा पास देते.